रंगपेटी आणि पारख

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त निघणाऱ्या ह्या स्मरणिकेसाठी “तुमच्या धंद्यातले काहीतरी लिहा” असा चिटणीसबाईंचा निरोप आला, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. लेखणी धरणे हे माझे काम नव्हे. माझ्या हाती आयुष्यभर ब्रश आणि स्पंज. पण दर हळदीकुंकवाला कोणी ना कोणी भगिनी मला कोपऱ्यात गाठून विचारतेच, “अहो, चेहऱ्याला काय लावलेले चांगले? आणि ऐकावे तरी कुणाचे? दहाजणी दहा गोष्टी सांगतात.” ह्या प्रश्नाचे उत्तर उभ्या उभ्या देता येत नाही. एकदा मी ते तसे दिले, ते चुकले, आणि चुकीचे भोग दुसरीच्या वाट्याला आले. ती हकीकत पुढे सांगणारच आहे. पण तिच्याआधी थोडा इतिहास सांगते, कारण माझी चूक नवी नव्हती, फार जुनी होती, हे मला इतिहास वाचल्यावरच उमगले.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, कोल्हापुरात नाटकमंडळ्यांची आणि पुढे स्टुडिओतली रंगभूषा करीत. त्यांची पत्र्याची रंगपेटी आजही माझ्या माळ्यावर आहे. तिच्या झाकणाच्या आत त्यांनी खडूने एक वाक्य लिहून ठेवले होते : “डबीवरचे वाच, मग उघड.” लहानपणी मला त्याची गंमत वाटे. ज्याने सारा जन्म चेहरे रंगविण्यात घालविला त्याला डबीवरच्या अक्षरांचे एवढे काय कौतुक, असे वाटे.

आपल्या मराठी रंगभूमीचा आरंभ आपण १८४३ सालापासून धरतो. त्या वर्षी सांगलीस विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवरा’चा खेळ केला. पुढे कितीतरी वर्षे स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत. दिवट्यांच्या आणि समयांच्या उजेडात चेहरा लांबवर दिसावा म्हणून रंग जाड थापावा लागे. त्या काळच्या रंगाऱ्याजवळ काय होते? पांढऱ्यासाठी सफेदा, पिवळ्यासाठी पिवडी, तांबड्यासाठी हिंगूळ, काळ्यासाठी काजळ. ही नावे आपल्या कानांना घरगुती वाटतात. पण जुना सफेदा म्हणजे बहुधा शिशाची पांढरी भुकटी. जस्ताचा सफेदा मागाहून आला. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक यांचे संयुग. मारुतीला लावतो तो खरा शेंदूर, तोही शिशाचाच. देवाच्या पाषाणाला त्याचे काही वाटत नाही. माणसाच्या कातडीचे तसे नाही.

ह्या शिशाने जगभर काय अनर्थ केला याच्या नोंदी आहेत. युरोपात श्रीमंत स्त्रिया शिशाचा सफेदा सिरक्यात खलून चेहऱ्याला लावीत. इंग्लंडातील कॉव्हेंट्रीची काउंटेस मारिया गनिंग ही आपल्या काळातील नामांकित सुंदरी १७६० साली ऐन तारुण्यात वारली, आणि तिच्या मृत्यूचा दोष ह्या सफेद्यालाच दिला जातो. अमेरिकेत १८६९ साली न्यूयॉर्कचे डॉक्टर लुईस सेअर यांनी तीन तरुण स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. तिघींच्या हातांतले बळ गेले होते. कारण शोधता शोधता ते एका चेहऱ्याच्या द्रावणापाशी पोहोचले. त्या द्रावणाचे नाव होते ‘ब्लूम ऑफ यूथ’, म्हणजे तारुण्याचा बहर. आणि आत शिसे. नाव जितके गोड, तितकी डबी आधी उलटून पाहावी, हे मी तेव्हापासून धरून बसले आहे.

मला सर्वांत जवळची वाटते ती जपानची गोष्ट, कारण ती आमच्याच धंद्यातली आहे. तेथील काबुकी नाटकांतही स्त्रीभूमिका पुरुष करीत, आणि पांढरा रंग शिशाचा असे. १८८७ साली सम्राटांसमोर खेळ चालू असता नाकामुरा फुकुसुके ह्या नामवंत नटाचे पाय थरथरू लागले. तो भीतीचा कंप नव्हता. वर्षानुवर्षे अंगात मुरलेल्या शिशाचा होता. त्यानंतर तेथे शिशाविना पांढरा रंग करण्याचे प्रयत्न झाले व १९०४ च्या सुमारास तसा रंग बाजारात आला. पण जुना रंग स्वस्त, अंगावर चांगला बसणारा, म्हणून तोही विकला जात राहिला. १९२३ साली क्योटोचे बालरोगतज्ज्ञ इकुतारो हिराई यांनी दाखवून दिले की, तान्ह्या मुलांना होणारा मेंदूचा एक गूढ विकार आयांच्या चेहऱ्यावरील पावडरीतल्या शिशामुळे होत होता. आई नटली होती; भोगले मात्र लेकराने. हे वाचले त्या रात्री मला झोप आली नाही.

भगिनींनो, ह्या सर्व गोष्टींत एक सूत्र दिसते. विकणाऱ्याला आत काय आहे ते ठाऊक असे, लावणारीला ठाऊक नसे. आणि वस्तू वाईट असली तरी पहिल्या आठ दिवसांत तिचा गुण दिसे. शिशाने चेहरा खरोखरच गुळगुळीत, पांढरा दिसतो. त्यामुळे एकीचे पाहून दुसरी घेई. खोट्या वस्तूची जाहिरात खऱ्या चेहऱ्यांनी होई.

आपल्याकडे बाजारात मिळणारी प्रसाधने घरोघर आली ती विसाव्या शतकात. त्याआधी शिकेकाई, रिठा, उटणे, घरचे काजळ आणि हळदीचे कुंकू एवढ्यावर भागे. १९१९ साली मुंबईत इ. एस. पाटणवाला यांनी ‘अफगाण स्नो’ काढला, आणि ‘स्नो’ हा शब्द आपल्या आज्यांच्या तोंडी बसला. त्याच सुमारास, १९१८ साली, गोदरेजचा जनावरांची चरबी नसलेला साबण निघाला. सोवळ्याओवळ्याच्या घरांत साबण शिरला तो ह्या वाटेने. नटण्याचे धडे मात्र स्त्रियांना एका पुरुषाने दिले, ही मोठी गमतीची गोष्ट. बालगंधर्वांनी १९१३ साली आपली मंडळी काढली, आणि त्यांचे लुगडे नेसणे, त्यांचे केस, त्यांचा गजरा पाहून घरंदाज बायका तसे करू लागल्या. आबा म्हणत, “त्या काळी सल्ला विकत नव्हता. बघायचं आणि शिकायचं.”

पुढे सल्ला विकत मिळू लागला. १९३२ साली प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’त दुर्गाबाई खोटे पडद्यावर आल्या, आणि शिकल्यासवरल्या घरांतील स्त्रियांना सिनेमाचा चेहरा आपला वाटू लागला. १९४१ साली लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या; तो मान मिळालेल्या त्या पहिल्या भारतीय तारका. तेव्हापासून पडद्यावरची बाई सांगते आणि आपण ऐकतो, असे चालले आहे. तिची कातडी साबणाने तशी झाली की रंगभूषेने, हे कोणी विचारीत नाही. मी त्या खोलीत उभी राहिले आहे म्हणून सांगते : तो चेहरा साबणाचा नसतो. तो दिव्यांचा, कॅमेऱ्याचा आणि आमच्या दोन तासांच्या मेहनतीचा असतो.

आमच्या धंद्यातली सुधारणाही बाहेरूनच आली. जर्मनीत लुडविग लाइखनर ह्या गायकनटाने १८७३ पासून तेलकट रंगाच्या कांड्या करून विकायला आरंभ केला. मॅक्स फॅक्टर ह्या पोलंडहून अमेरिकेत गेलेल्या कारागिराने १९१४ साली सिनेमासाठी पातळ, न तडकणारा रंग काढला, आणि १९३७ च्या सुमारास त्याचा ‘पॅनकेक’ आला. आबा त्या पॅनकेकच्या डबीला ओल्या स्पंजाने असे हळूच शिवत, जणू पूजेतले गंधच. पण त्यातल्या छटा गोऱ्या कातडीसाठी केलेल्या. आपल्या वर्णाला लावला की तोंड राखेचे आणि मान सावळी. म्हणून आबा पिवळा-तांबूस रंग मिसळून छटा स्वतः करीत. ते म्हणत, “रंग गालावर बघू नको, जबड्याच्या खाली बघ, आणि दिवसाच्या उजेडात बघ.” आजही पावडर किंवा फाउंडेशन घेताना ह्याहून चांगला सल्ला मला ठाऊक नाही. जो रंग मानेशी मिळतो तो आपला. जो चेहरा मानेपेक्षा उजळ करतो तो दुसऱ्या कुणाचा.

स्वातंत्र्यानंतर १९५२ साली टाटांनी ‘लॅक्मे’ सुरू केले. परदेशी प्रसाधनांवर देशाचा पैसा जातो, तर ती येथेच का होऊ नयेत, असा त्यामागचा विचार होता. नाव फ्रेंच संगीतिकेवरून घेतलेले, पण ते मूळचे आपल्या ‘लक्ष्मी’चेच फ्रेंच रूप. त्याच वर्षी परळला केशव विष्णु पेंढरकरांनी विकोचा आरंभ केला. त्यांची हळदीची क्रीम १९७५ साली आली. आता देशी माल होता, दुकाने होती, मासिकांतून सल्ले होते. पण आत काय आहे हे विचारण्याचा हक्क कायद्याने केव्हा मिळाला?

ह्याचे उत्तर अमेरिकेतल्या एका दुर्दैवी प्रकरणापासून सांगावे लागते. तेथे १९०६ चा कायदा अन्न आणि औषधे यांपुरता होता; चेहऱ्याला काय लावावे त्यावर काहीच बंधन नव्हते. १९३३ च्या सुमारास ‘लॅश लुअर’ नावाचा पापण्यांचा कलप निघाला. त्यात केस काळे करण्याच्या कलपातले एक तीव्र रसायन होते. त्याने स्त्रियांचे डोळे गेले. त्या स्त्रियांची छायाचित्रे सरकारी प्रदर्शनात लावण्यात आली, लोकांत खळबळ उडाली, आणि १९३८ साली सौंदर्यप्रसाधने प्रथमच कायद्याखाली आली. आपल्याकडे १९४० चा कायदा औषधांपुरताच होता. १९६२ च्या दुरुस्तीने त्यात सौंदर्यप्रसाधने आली. आता २०२० चे स्वतंत्र नियम आहेत. रंगासाठी शिसे किंवा आर्सेनिकची संयुगे वापरण्यास त्यांत बंदी आहे. पारा घालण्यास बंदी आहे. नकळत राहिलेला अंशसुद्धा दहा लाख भागांत एका भागाहून अधिक चालत नाही, फक्त डोळ्यांच्या प्रसाधनांची मर्यादा वेगळी आहे. डबीवर करणाऱ्याचे नाव, पत्ता, परवान्याचा क्रमांक, बॅच क्रमांक, तारखा आणि घटक छापलेच पाहिजेत. परदेशी मालावर आणणाऱ्याचे नाव आणि नोंदणीचा क्रमांक हवा. आबांच्या खडूच्या वाक्याला अशा रीतीने कायद्याचे बळ आले. ते वाक्य रोज डोळ्यांसमोर असून मी एकदा विसरले, तेच आता सांगते.

२०१९ सालची गोष्ट. माझे पार्लर तेव्हा चांगले चालले होते. एका घाऊक दुकानात मला एक गोऱ्या रंगाची क्रीम दाखविली. डबीवर सोनेरी परदेशी अक्षरे होती. करणाऱ्याचे नाव नव्हते, पत्ता नव्हता, घटक नव्हते. दुकानदार म्हणाला, “ताई, पंधरा दिवसांत रिझल्ट,” आणि डबीमागे मला तीस रुपये ठरले. मी दोघीतिघींना दिली. त्यांचे चेहरे खरेच उजळले. माझेही डोळे दिपले.

त्या सुमारास आमच्या गल्लीतल्या एका मुलीचे लग्न ठरले. मुलगी सावळी, तरतरीत, हसरी. तिच्या आईने विचारले, “वैनी, दोन महिन्यांत काही करता येईल का?” मी डबी दिली. तीन आठवड्यांत मुलगी उजळली, घरचे खूश झाले. तिसऱ्या महिन्यात तिच्या पायांवर सूज आली. मग चेहऱ्यावर. लघवीला फेस येऊ लागला. डॉक्टरांनी तपासले तर लघवीतून प्रथिने जात होती. मूत्रपिंडाला इजा झाली होती. वयाने तरुण, मधुमेह नाही, रक्तदाब नाही. डॉक्टर हुशार. त्यांनी विचारले, “चेहऱ्याला काय लावतेस?” डबी तपासायला गेली. आत पारा होता, मर्यादेच्या कितीतरी पट.

पारा कसा काम करतो ते मी मागाहून समजून घेतले. कातडीत रंगद्रव्य तयार होण्याची क्रिया तो अडवितो, म्हणून चेहरा उजळतो. पण तो कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडात साठतो. लावणे थांबविले की रंग परत येतो, कधी पूर्वीपेक्षा गडद. ह्या मुलीसारख्या आणखीही पुष्कळ आहेत हे पुढे कळले. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ ह्या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण नोंदविले. त्यांपैकी १५ जणांत त्या विकाराचा एक दुर्मीळ प्रकार आढळला, आणि त्यांतल्या १३ जणांनी त्रास सुरू होण्यापूर्वी गोरेपणाच्या क्रीम लावल्याचे सांगितले. पाऱ्याविषयीच्या मिनामाता करारातल्या देशांनी २०२३ साली ठरविले की, पारा घातलेले कोणतेही सौंदर्यप्रसाधन २०२५ नंतर करू नये वा आणू नये. ठराव झाला. पण चोरट्या डबीला ठराव वाचता येत नाही. वाचावे आपणच लागते.

त्या मुलीचे लग्न पुढे ढकलले गेले. वर्षभर औषधे चालली, आणि देवाच्या दयेने ती पूर्ण बरी झाली. लग्नही त्याच घरी झाले. तिची आई मला कधी एक शब्द टाकून बोलली नाही. दवाखान्याच्या बाकावर बसून एवढेच म्हणाली, “तुम्ही सांगितलंसा म्हणून घेतलं हो, वैनी.” ते वाक्य शिवीपेक्षा जड होते. तिने डबीवर विश्वास ठेवला नव्हता, माझ्यावर ठेवला होता. आणि त्या विश्वासावर मी तीस रुपये घेतले होते.

आपल्या मंडळाच्या त्यानंतरच्या सभेत मी उभी राहून हे सगळे सांगितले, ते जुन्या सभासदांना आठवत असेल. पाय कापत होते. वाटले होते, आता कोणी माझ्याकडे येणार नाही. पण सभा संपल्यावर दोघी भगिनी मागे राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, “तीच डबी आमच्याकडेही आहे.” दोघींनी लघवी तपासून घेतली. एकीला काही नव्हते. दुसरीला नुकताच आरंभ होता, तो वेळीच सापडला. डब्या गटारात न टाकता आम्ही अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रारीसह दिल्या. तो दिवस मी आपल्या मंडळाचा मोठा दिवस मानते. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी, क्योटोच्या डॉक्टरांनी जे केले, तेच आपण आपल्या बेताने केले : लाज बाजूला ठेवून जे घडले ते सांगितले. लपविलेल्या गोष्टीने नेहमी विकणाऱ्याचाच फायदा झालेला आहे.

आता तो हळदीकुंकवाचा प्रश्न. ऐकावे कुणाचे? माझे उत्तर असे. सांगणाऱ्याला विक्रीतून काही मिळते का, हे आधी विचारावे. मिळत असेल तर तिचे ऐकू नये असे नाही, पण डबी स्वतः वाचावी. पंधरा दिवसांत गोरे करतो म्हणणाऱ्याची पायरी चढू नये. नवी वस्तू प्रथम कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून दोन दिवस वाट पाहावी. केसांच्या कलपाच्या आणि ‘काळ्या मेंदी’च्या बाबतीत तर हे टाळूच नये, कारण ‘लॅश लुअर’मधले रसायन त्यांत आजही असते. टिकलीखाली कपाळ पांढरे पडू लागले तर टिकली त्याच दिवशी सोडावी. काही टिकल्यांच्या डिंकातले एक रसायन कातडीचा रंग मारते. हळद, टाकणखार आणि लिंबाचे खरे कुंकू मिळाले तर त्याची सर कशालाच नाही. आमच्या आजी करमाळ्याजवळच्या केमचे कुंकू मागवीत. पण घरचे म्हणजे निर्धोकच, असेही धरून चालू नये. सुट्या हळदीत पिवळेपणासाठी शिशाचा रंग मिसळल्याचे सापडले आहे, आणि लिंबू चोळून उन्हात गेले तर कातडी भाजते. तान्ह्या मुलाच्या डोळ्यांत काजळ घालू नये, हे डॉक्टर सांगतात ते खरे आहे. आणि कातडीला काही झाले तर प्रथम डॉक्टर, मग आम्ही.

ती मुलगी परवा आपल्या लेकीला घेऊन भेटायला आली होती. लेक आईसारखीच सावळी, तरतरीत. माळ्यावरून काढलेली आबांची रंगपेटी तिने उघडली आणि झाकणावरची पुसट अक्षरे एकेक करून लावीत वाचली : “ड-बी-व-र-चे...” पुढचे मी तिला सांगितले नाही. तिचे तिलाच वाचू दिले. इतके लिहून लेखणी खाली ठेवते.